मुदतपूर्व बदली

आमच्या घरात 'बदली' हा शब्द कोणी उच्चारला की आईच्या हातातले काम थांबते. वडिलांच्या नोकरीत तिने भंडारा, अहेरी, देवरी आणि वरोरा अशी चार बिऱ्हाडे मांडली आणि मोडली, त्यामुळे या शब्दामागोमाग पोती, सुतळी, ट्रंका आणि शाळेचे दाखले येतात हे तिला पाठ आहे. म्हणूनच २०२४ च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, भाच्याशी फोनवर बोलताना मी "आज बदली करूनच टाकतो" असे म्हणालो, तेव्हा ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"कोणाची रे? कुठे दिली?"

"पामरची. काढतो आहे त्याला."

"बायकोपोरं आहेत का त्याला?"

"नाही. बावीस वर्षांचा आहे."

"मग काही नाही बाप्पा. एकटा जीव आहे, घेईल सांभाळून," असे म्हणून ती निश्चिंतपणे आत गेली, आणि मी चेल्सी या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या कोल पामरला माझ्या फॅन्टसी संघातून कार्यमुक्त करून त्याच्या जागी आर्सेनलच्या बुकायो साकाला रुजू करून घेतले.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका शासकीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेत मी नोकरी करतो. बदल्यांचे अर्ज, हरकती, सेवापुस्तके आणि वरून आलेल्या शिफारशी माझ्या टेबलावरून जातात. मी त्यांवर टिपणी लिहितो आणि निर्णय दुसरेच कोणी घेते. स्वतःच्या सहीने कोणाची बदली करण्याचा अधिकार मला नाही, निवृत्तीपर्यंत तो मिळण्याची चिन्हेही नाहीत. तो मला एकाच ठिकाणी मिळाला आहे, इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या अधिकृत फॅन्टसी खेळात. त्यात खऱ्या खेळाडूंचा एक कागदी संघ आपण निवडायचा, आणि ते प्रत्यक्ष सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर जमा होतात. २००२-०३ च्या हंगामापासून चालत आलेला हा खेळ विनामूल्य आहे. आमचे मेहुणे दर दिवाळीला "पैसे लावतोस का रे?" असे हळू आवाजात विचारत असत; २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केल्यापासून ते हाच प्रश्न मोठ्याने विचारतात. उत्तर तेव्हाही नाही असेच होते.

खेळाचे नियम मला कार्यालयाच्या भाषेतच चटकन समजले. मंजूर पदे पंधरा: दोन गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले आणि तीन आघाडीचे. एकूण अंदाजपत्रक दहा कोटी पौंडांचे, आणि एका क्लबातून तीनपेक्षा जास्त माणसे घेता येत नाहीत. दर आठवड्याला अकरा जण मैदानात, चार राखीव, आणि एकाकडे कर्णधारपदाचा कार्यभार, ज्याचे गुण दुप्पट होतात. साठ मिनिटे खेळल्याचे दोन गुण, आघाडीच्या खेळाडूच्या गोलाला चार, मधल्या फळीला पाच, बचावपटूला सहा, गोलाला साहाय्य केल्यास तीन, आणि पिवळे कार्ड म्हणजे एक गुण कापला जाणारी ताकीद. वाइल्डकार्ड म्हणजे सर्वसाधारण बदल्या, ज्यांत पंधराच्या पंधरा माणसे बदलता येतात; फ्री हिट म्हणजे एका आठवड्याची प्रतिनियुक्ती, जी संपली की सगळे मूळ पदावर परत येतात. एरवी आठवड्याला एकच बदली मोफत. ती न वापरल्यास पुढे साठवता येते, आणि २०२४-२५ पासून अशा पाचपर्यंत साठवता येतात. त्यापलीकडे प्रत्येक बदलीला चार गुण भरावे लागतात, म्हणजे आघाडीच्या खेळाडूचा एक अख्खा गोल तुम्ही केवळ चुळबुळीपोटी देऊन टाकता.

चुळबूळ हाच या खेळातला खरा रोग आहे आणि नागपुरात तो नेमका पोळ्याच्या सुमारास उफाळतो. हंगाम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो. पोळ्यापर्यंत एक ते चार आठवड्यांचे सामने झालेले असतात आणि जुलैभर घोटून ठरवलेल्या संघातली अर्धी माणसे नकोशी वाटू लागलेली असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते, रोगराईपासून महागाईपर्यंत जे जे नको ते सगळे "घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्यांत शहराबाहेर काढले जाते, आणि त्या गर्दीत उभे राहून फोनवर वाइल्डकार्ड वापरणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो माझा भाचा होता. मी त्याला हसलो नाही, कारण माझेही दोन बचावपटू त्याच संध्याकाळी गेले.

पामरवर मात्र माझा राग नव्हता, आणि ती बदली अजून डाचते ती त्यामुळेच. त्याची पार्श्वभूमी मला चांगली ठाऊक होती. २०२३ च्या १ सप्टेंबरला मँचेस्टर सिटीने त्याला सुमारे चार कोटी पौंडांना चेल्सीला देऊन टाकले, तेव्हा फॅन्टसीच्या यादीत तो अवघ्या पन्नास लाखांना मिळत होता, आणि त्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. एवढ्या मोठ्या क्लबच्या आस्थापना शाखेने केलेली चूक मी स्वतः पाहिली होती. पुढच्या वर्षी त्याची किंमत एक कोटी पाच लाख झाली तरी मी त्याला आनंदाने घेतले. वुल्व्ह्जविरुद्ध चेल्सीने सहा गोल केले त्या सामन्यात तो सगळीकडे होता. मग १४ सप्टेंबरला बोर्नमथच्या मैदानावर चेल्सी १-० अशी जिंकली आणि त्या एकमेव गोलात पामरचा हात, म्हणजे पाय, नव्हता. दुसऱ्या दिवशी साकाच्या कॉर्नरवर गॅब्रिएलने टॉटनहॅमविरुद्ध गोल केला. बदलीचे कारण एवढेच: एकाच्या नावापुढे शून्य आणि दुसऱ्याच्या नावापुढे काहीतरी. शिवाय साका पाच लाखांनी स्वस्त होता, आणि उरलेल्या पैशांत एखादा बरा बचावपटू येईल असे मी स्वतःला समजावले. कार्यालयात अशा बदलीपुढे 'प्रशासकीय कारणास्तव' असे लिहितात, आणि ते वाचून ज्याला जे समजायचे ते तो समजतो.

आठवड्याभरात, २१ तारखेला, पामरने वेस्ट हॅमविरुद्ध गोल केला. साकाच्या कॉर्नरवर सिटीविरुद्धही गॅब्रिएलने गोल केला खरा, पण ट्रोसार्डला लाल कार्ड मिळाल्यामुळे आर्सेनलने मध्यंतरालाच साकाला बाहेर बसवले. त्यानंतरचा शनिवार, २८ सप्टेंबर, पितृपक्षातली एकादशी होती. साडेतीनला संघ बदलण्याची मुदत संपली. पाच वाजता मँचेस्टर सिटीचा न्यूकॅसलविरुद्धचा सामना सुरू झाला. पहिल्या पाच सामन्यांत दहा गोल करणारा अर्लिंग हालांड माझा कर्णधार होता आणि सामना १-१ असा सुटला तरी त्याचा गोल नव्हता. आईने साबुदाण्याची उसळ आणून ठेवली. साडेसातला चेल्सी आणि ब्रायटन यांचा सामना सुरू झाला आणि उसळ थंड होईपर्यंत पामरने चार गोल केले, त्यातला एक पेनल्टीवर आणि एक थेट फ्री किकवर, आणि चारही मध्यंतरापूर्वी. प्रीमियर लीगच्या इतिहासात पूर्वार्धात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू ठरला. चार गोलांचे वीस, खेळल्याचे दोन, सामन्यातल्या सर्वोत्तम कामगिरीच्या बोनसचे तीन, असे पंचवीस गुण त्याच्या नावावर जमा झाले. माझ्या कर्णधाराचे, दुप्पट करून, चार.

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. आमच्या कार्यालयात ज्याची बदली होते त्याचे घर विस्कटते, मुलांच्या शाळा सुटतात, म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर बदलतात, आणि ज्याने सही केलेली असते तो संध्याकाळी पाऊण तास चालायला जाऊन शांतपणे जेवतो. या खेळात सगळे उलटे आहे. पामरला नागपूरच्या एका लिपिकाने आपल्याला काढले याचा पत्ताही नाही. त्याचा पगार, त्याचे घर, त्याची झोप जागच्या जागी आहे. दुखते ते फक्त सही करणाऱ्याला. जगात बदल्यांचा असा एक तरी विभाग असावा, जिथे आदेशाचा सगळा त्रास आदेश काढणाऱ्याच्याच वाट्याला येतो, ही गोष्ट मला त्या मनःस्थितीतही न्यायाची वाटली.

वडिलांची अहेरीची बदली नोव्हेंबरात झाली होती. मी सातवीत होतो, सहामाही परीक्षा नुकतीच आटोपली होती, आणि आदेशात कारणापुढे काय लिहिले होते ते मला पुष्कळ वर्षांनी, वडिलांचे सेवापुस्तक हाताळताना दिसले. तिथे काहीच लिहिलेले नव्हते. अहेरीला पोहोचल्यावर पहिले दोन महिने आईने भांड्यांचे एक पोते सोडलेच नाही. पुन्हा आदेश आला तर बांधायला नको, असे तिचे म्हणणे होते. ते पोते पुढे तीन वर्षे तसेच राहिले.

आता कायदा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांबाबतचा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असावा, बदल्या एरवी एप्रिल किंवा मे महिन्यातच व्हाव्यात, आणि त्याआधी कोणाला हलवायचेच असेल तर त्याची कारणे लेखी नमूद करावीत. हे कलम मी इतक्या टिपण्यांत उतरवले आहे की ते मला झोपेतही म्हणता येईल. पामरच्या पंचवीस गुणांनंतर मी ते स्वतःला लागू केले. दोनशे पानी वही घेतली आणि ठरवले की यापुढे प्रत्येक बदलीचे कारण आधी लिहायचे, मगच बटण दाबायचे. तीन वर्षांचा कालावधी इथे परवडणार नाही. मी सहा आठवड्यांचा धरला. जखम, निलंबन किंवा त्याच्या व्यवस्थापकाने सलग दोन सामन्यांत त्याला बाकावर बसवणे, ही तीन कारणे मुदतपूर्व बदलीला पुरेशी मानली. बाकी सगळ्यांना मुदत पूर्ण करू द्यायची.

वहीने केलेला पहिला उपकार असा की कारणांचे दारिद्र्य दिसले. हंगामाच्या सुरुवातीला केलेल्या बदल्यांची कारणे मी आठवून मागाहून लिहिली, तेव्हा बहुतेक ठिकाणी 'मागील आठवड्यात गोल नाही' किंवा 'भाच्याकडे आहे' याखेरीज लिहिण्यासारखे काही सापडेना. गेल्या आठवड्याचे गुण विकत घेता येत नाहीत एवढी साधी गोष्ट मी सोमवारी रात्री दर वेळी विसरत होतो. बदली सोमवारी करण्याची घाईसुद्धा बहुतेकदा किमतीच्या भीतीने होते. ज्याला पुष्कळ लोक घेतात त्याची किंमत आपल्याकडची सकाळ होईपर्यंत एक लाखाने वाढलेली असते, आणि ती वाढण्याआधी त्याला गाठायचे म्हणून माणूस चहाच्या आधी फोन उघडतो. वास्तविक आपला खेळाडू दोन लाखांनी वाढला तर विकताना त्यातला एकच लाख हाती येतो, आणि एक लाखाने वाढला तर काहीच येत नाही. या लाखाच्या मागे धावून मंगळवारी घेतलेला माणूस गुरुवारी सरावात जखमी झाल्याची बातमी येते, हा अनुभव मी दोनदा घेतला. वहीत आता एक ओळ ठळक आहे: शुक्रवारच्या आधी आदेश काढू नये.

मुदतीचे घड्याळ हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आठवड्यातला पहिला सामना सुरू होण्याच्या दीड तास आधी दार बंद होते, म्हणजे संघांच्या याद्या जाहीर होण्याच्याही आधी. इंग्लंडात उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा शनिवारच्या दुपारच्या सामन्यासाठी आपली मुदत साडेतीनची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे काटे मागे जातात आणि ती साडेचार होते. दिवाळीच्या दिवसांतला तो जादा तास फराळासारखा गोड लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तो परत काढून घेतला जातो, आणि नेमके त्याच आठवड्यात आर्थिक वर्ष संपत असल्यामुळे आमच्या डोक्यात देयकांशिवाय काही नसते. एका वर्षी एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी चार वाजता निवांतपणे संघ लावायला बसलो तो दार बंद झालेले. मोडका पाय घेऊन बसलेला माझा आघाडीवीर कागदोपत्री मैदानात उतरला आणि राखीवातला पहिला माणूस आपोआप त्याच्या जागी गेला.

आमच्या शाखेत मोमिनपुऱ्याचे एक सहकारी आहेत. नागपुरात फुटबॉल खऱ्या अर्थाने जगतो तो मोमिनपुऱ्यात. तरुणपणी ते शहराच्या स्पर्धांतून राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू, म्हणून खेळत असत, आणि यशवंत स्टेडियमच्या मातीचा विषय निघाला की त्यांचा उजवा गुडघा आपोआप हातात येतो. फॅन्टसी ते खेळत नाहीत. आकड्यांत बचावपटू दिसत नाही, अशी त्यांची जुनी तक्रार होती, आणि ती रास्त होती. गोल वाचवणाऱ्या माणसाला शेवटच्या मिनिटाला कोणा दुसऱ्याच्या चुकीने गोल बसला की क्लीन शीटचे, म्हणजे संघावर एकही गोल न बसल्याचे, चारही गुण जात आणि दिवसभराच्या मेहनतीचे नावनिशाण राहत नसे. २०२५-२६ पासून नियम बदलला. एका सामन्यात बचावपटूने चेंडू उडवून लावणे, अडवणे, मधेच पकडणे आणि काढून घेणे अशा मिळून दहा गोष्टी केल्या की त्याला दोन गुण मिळू लागले. मी ही बातमी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी फाइल बाजूला सारली आणि एवढेच म्हणाले, "चाला, कोणाला तरी आमचं टेबल दिसलं."

त्यांचे ऐकण्याची सवय मला पामरमुळेच लागली, आणि ती कथा अजून संपलेली नाही. २०२५ च्या १४ जानेवारीला पामरने बोर्नमथविरुद्ध गोल केला, तोच बोर्नमथ, आणि मी वहीत 'पुनर्स्थापना' असे लिहून त्याला परत आणले. कारण कोणते लिहिले ते इथे सांगण्यासारखे नाही. त्या गोलानंतर त्याचे गोल थांबले. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी एका रविवारी सहकाऱ्यांना घरी बोलावून चेल्सीचा सामना दाखवला, पामर पळतो तर आहे मग अडते कुठे, असे विचारले. त्यांनी विसेक मिनिटे चेंडूकडे न बघता फक्त पामरकडे पाहिले आणि म्हणाले, "पोट्टा पळून तर राहिला भाऊ, पण बॉल मागून नाही राहिला." मला तोवर हे दिसले नव्हते. फटके किती, गोलाची शक्यता किती, हे सगळे मी फोनवर वाचत होतो. चेंडू आपल्याकडे यावा म्हणून हात वर करणे कुठल्याच तक्त्यात मोजलेले नव्हते.

अर्थात नुसत्या डोळ्यानेही भागत नाही, नाहीतर मोमिनपुरा दरवर्षी पहिला आला असता. पहिला कोण येतो याचे कोडे मोठमोठ्यांना सुटलेले नाही. बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन २०१९ च्या डिसेंबरात या खेळातल्या जवळपास सत्तर लाख लोकांत काही काळ पहिल्या क्रमांकावर होता आणि त्याने तो हंगाम दहाव्या क्रमांकावर संपवला. दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बाटुमीत महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या शहरात घरटी एक बुद्धिबळाचा पट निघाला आहे, त्यामुळे हा दाखला इथे लगेच पटतो. पटावर घोडा कुठे उभा आहे ते दोघांनाही दिसते. इथे तुमचा वजीर आज खेळणार की बाकावर बसणार हे मुदत संपल्यावर कळते, आणि तरीही वर्षभर वरच्या काही हजारांत राहणारी माणसे आहेत. ती फार बदल्या करत असतील असे मला वाटत नाही.

२०२४-२५ च्या त्या हंगामात ज्याला हलवायचा विचारही करू नये असा एकच माणूस होता, लिव्हरपूलचा मोहम्मद सालाह. सुरुवातीची किंमत एक कोटी पंचवीस लाख, २९ गोल, १८ साहाय्ये, आणि ३४४ गुण, जे या खेळात एका हंगामात कोणीही मिळवलेले सर्वाधिक आहेत. मी त्याला ऑक्टोबरात घेतले आणि शेवटपर्यंत हात लावला नाही. वहीत त्याच्या नावाचे पान कोरे आहे.

पामरचे पान भरत चालले होते. मार्चमध्ये भाच्याने त्याला काढले, माझ्या ओळखीतल्या सगळ्यांनीच काढले. माझा सहा आठवड्यांचा नियम केव्हाच उलटून गेला होता आणि नियमानुसार आता बदली पूर्णपणे वैध होती. मी चारदा टिपणी लिहिली, चारदा ती खोडली. हिशेबाला धरून नव्हते हे मला मान्य आहे. ज्याला एकदा विनाकारण हलवले त्याला दुसऱ्यांदा सकारण हलवायलाही हात धजत नव्हता, आणि ही भावना आमच्या कार्यालयात कोणाला झाल्याचे मी कधी ऐकलेले नाही.

४ मे २०२५, रविवार. नागपुरात मे सुरू झाला होता, कूलरच्या नव्या ताट्यांचा ओला वास घरभर होता आणि सोमवारी साहेबांपुढे ठेवायच्या विनंती बदल्यांच्या अर्जांचा गठ्ठा मी घरी आणला होता. लिव्हरपूल आधीच्याच आठवड्यात विजेतेपद निश्चित करून चेल्सीच्या मैदानावर आले होते. रात्री पावणेअकरा वाजून गेले, भरपाईची मिनिटे चालू होती, चेल्सीला पेनल्टी मिळाली आणि पामरने ती घेतली. १४ जानेवारीनंतरचा त्याचा पहिला गोल. मी बहुधा ओरडलो असेन, कारण आतल्या खोलीतला दिवा लागला.

"काय झालं रे?"

"पामरने गोल केला."

आई थोडा वेळ दारात उभी राहिली. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट तिच्या ध्यानात असेल असे मला वाटले नव्हते.

"तोच ना, एकटा होता तो?" तिने विचारले. "परत आणला का त्याला?"

"जानेवारीतच आणला."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि दिवा मालवून झोपायला गेली. मी अर्जांचा गठ्ठा जवळ ओढला. वरचाच अर्ज अहेरीचा होता.